गोठ्यातली मोटरसायकल

फुकट मिळणाऱ्या वस्तूत काहीतरी खोट असतेच, असं माझी आई म्हणायची. भाजीवाल्यानं वर घातलेली कोथिंबीरसुद्धा ती हुंगून बघायची. तिचा हा गुण माझ्यात पुरेपूर उतरला आहे. त्यामुळे मुनिरक्यातल्या माझ्या घरमालकिणीनं एका सकाळी, मी न मागता, मोटरसायकलची किल्ली माझ्यापुढे धरली, तेव्हा आनंद होण्याआधी माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मला दिल्लीत येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. त्या काळात परदेशी कंपन्या धडाधड येत होत्या आणि रविवारचा पेपर नोकऱ्यांच्या जाहिरातींनी फुगलेला असायचा. अशाच एका जाहिरातीवरून मी पुणं सोडलं होतं. ऑफिस नोएडात. तिथल्या वस्त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर होते, आणि चहाची टपरीसुद्धा शोधावी लागायची. राहायला मात्र मुनिरका, कारण परवडेल अशी खोली तिथंच मिळाली. मुनिरका म्हणजे शहरानं चहूबाजूंनी गिळलेलं आणि तरी आत तसंच राहिलेलं गाव. शेतं सरकारनं घेतली, मग गावकऱ्यांनी घरांवर मजले चढवले आणि आमच्यासारख्यांना भाड्यानं दिले. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मी, खाली घरमालकीण, आणि मागच्या अंगाला तिच्या दोन म्हशी.

नोएडाला जायला दोन बस बदलाव्या लागत. दिल्लीच्या बसबद्दल मी फार लिहिणार नाही. ज्या बायकांनी त्या बसमधून प्रवास केला आहे त्यांना सांगायची गरज नाही, आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. एवढंच सांगते, की मी पर्समध्ये मोठी सेफ्टी पिन ठेवायची, आणि एका संध्याकाळी ती मागच्या माणसाच्या मांडीत चांगली खोलवर खुपसली. तो ओरडला. बसमधले लोक त्याच्या बाजूनं बोलले. कंडक्टरनं शिट्टी मारून बस थांबवली आणि मला उतरवलं, त्याला नाही. अंधार पडत आलेला, आजूबाजूला नुसती झुडपं. मी रिक्षा मिळेपर्यंत चालत राहिले आणि रागानं रडत राहिले.

ही हकिगत मी भावाला फोनवर सांगितली, आणि तीच चूक झाली. पुढच्या रविवारी मी नेहमीप्रमाणे एसटीडी बूथवरून घरी फोन लावला, तर वडील स्वतः फोनवर आले. ते एरवी येत नसत.

"दिवाळीला घरी ये," ते म्हणाले. "आणि कायमचीच ये. इथं काय नोकऱ्या नाहीत?"

मी वाद घातला. भरपूर घातला. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. स्वतःचं वाहन असेल तर राहा. बसनं जाणार असशील तर एक दिवस राहायचं नाही."

ही अट त्यांनी उदारपणे घातली नव्हती. हप्त्यावर गाडी घ्यायची तर स्थानिक जामीनदार लागतो, आणि दिल्लीत मला जामीन राहील असं कुत्रंही ओळखीचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. परत गेले असते तर काय झालं असतं हेही मला माहीत होतं. एका स्थळाचा फोटो आईनं कपाटात ठेवलेला होता.

तर त्या दिवसांत मी खाली घरमालकिणीपाशी बसले होते. तिला सगळे भाडेकरू अम्मा म्हणत. साठीची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. कुर्ता, घागरा, डोक्यावर ओढणी. ती मटार सोलत होती आणि मला विचारत होती, "क्यूँ रोवे सै?" मी सांगितलं. आणि सांगता सांगता माझा पुणेरी बाणा जागा झाला. म्हटलं, आमच्याकडे नाही असं. आमच्याकडे मुली बसच्या नादाला लागतच नाहीत, सगळ्या स्वतःच्या गाडीवर फिरतात, कॉलेजला, बाजारात, कुठेही.

"फटफटी पे?" तिनं विचारलं.

"और क्या!" मी म्हणाले.

खरं म्हणजे माझ्याकडे होती ती मोपेड. तिला ना क्लच, ना गिअर. भावाच्या मोटरसायकलवर मी मैदानात दोन चकरा मारल्या होत्या, त्याही तो शेजारून धावत असताना. पण परक्या गावात आपल्या गावाची बढाई मारताना कोण तपशिलात शिरतं? याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली समोर.

गाडी गोठ्यात होती. म्हशींच्या पलीकडे, कडब्याच्या आडोशाला, ताडपत्रीखाली. अम्मानं ताडपत्री ओढली आणि मी बघतच राहिले. लाल रंगाची, कोरी करकरीत मोटरसायकल. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. हँडलला सोनेरी जरीची फीत बांधलेली, ती धुळीनं काळी पडलेली. एवढी नवी गाडी अशी शेणामुतात का उभी आहे? मी विचारलं.

"खड़ी-खड़ी सड़ जाएगी," अम्मा म्हणाली. "तू चला ले. तेरी भी बस छूटे."

"किसकी है?"

"घर की सै."

मग तिनं अटी सांगितल्या. गाडी गोठ्याच्या मागच्या दारानं न्यायची, मागच्याच दारानं आणायची. ते दार थेट मोठ्या रस्त्याकडे उघडायचं. हेल्मेट गोठ्यातच घालायचं आणि गोठ्यातच काढायचं. वेणी आत. आणि शनिवारी संध्याकाळी गाडी परत ताडपत्रीखाली गेलीच पाहिजे. रविवारी हात लावायचा नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला एवढ्या अटी पुरेशा होत्या. चोरीची असणार, हा माझा पहिला तर्क. मी गाडीचा नंबर हातावर लिहून घेतला आणि दोन दिवस पेपरातल्या चोरीच्या बातम्या वाचल्या. मग वाटलं, चोर सोनेरी फीत कशाला ठेवील? दुसरा तर्क, आवळा देऊन कोहळा काढायचा बेत. मी गाडी कुठेतरी आपटणार, आणि मग ही बाई नव्या गाडीची किंमत माझ्याकडून वसूल करणार. तिसरा तर्क सगळ्यांत भयंकर होता. अम्माला एक मुलगा होता. गुडगावला नव्या इमारती उठत होत्या, तिथं तो वाळू-खडी पुरवायचा आणि तिकडेच राहायचा. दर रविवारी आईकडे जेवायला यायचा. गळ्यात सोन्याची साखळी, वरची दोन बटणं उघडी. आपली सून करून घ्यायला म्हातारी मला गूळ लावते आहे, असं मला एका रात्री वाटलं आणि मी दाराला आतून खुर्ची लावून झोपले.

इतका संशय होता तर किल्ली घेतलीस कशाला, असं कुणीही विचारील. घेतली, कारण दिवाळी जवळ येत होती.

शिकायला मी पहाटे वसंत कुंजकडे जायची. तिथं नवे फ्लॅट उभे राहिले होते, रस्ते रुंद होते आणि राहायला अजून फारसं कुणी आलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी गाडी मी जवळजवळ सगळा रस्ता ढकलतच नेली. किक सात-आठ वेळा मारावी लागायची. चालू झाली की क्लच माझ्या हातून एकदम सुटायचा आणि गाडी बकरीसारखी उडी मारून बंद पडायची. तिथला चौकीदार स्टुलावरून उठून माझ्याकडे रोखून बघायचा. फिरायला आलेल्या एका पेन्शनर काकांनी मला थांबवून विचारलं, "बेटा, घरवालों को पता है?" मी म्हणाले, "बिल्कुल." त्यांना ते खरं वाटलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

अंगात धाडस नव्हतंच. मला वाटायचं, इतरांना आधी धीर येतो आणि मग ते गाडीवर बसतात. मी रोज भीत भीतच बसले. डोक्यात एकच विचार, आज सकाळी पडलीस तरी चालेल पण संध्याकाळी त्या बसमध्ये चढायचं नाही. दुसरा गिअर आला, मग तिसरा. एक दिवस मी वळण घेतलं आणि वळल्यानंतर लक्षात आलं, की वळताना मी पायांकडे बघितलंच नव्हतं.

आणि मग पडलेच. रस्त्याच्या कडेला खडी होती, पुढचं चाक सरकलं. गुडघा फुटला, इंडिकेटर तुटला, आरशाला तडा गेला. गाडी ढकलत गोठ्यात आणली तेव्हा मी मनातल्या मनात भरपाईचं भांडण पाठ करत होते. अम्मा धार काढत होती. तिनं माझा गुडघा बघितला, हळद आणून थापली. मग गाडीकडे बघून म्हणाली, "इसका के सै. इसने तो और घिसणा चाहिए."

मी चक्रावले. स्वतःची गाडी झिजली तर खूश होणारा मालक मी तोवर बघितला नव्हता. पुढे लक्षात यायला लागलं, की तिला याचीच जास्त उत्सुकता आहे. मी आले की विचारायची, "कितनी चली?" मी मीटर बघून सांगायची. ती म्हणायची, "बस? और चला." कधी टायरवर अंगठा घासून बघायची. मी हे सगळं मनात नोंदवून ठेवत होते. हिशोबाच्या दिवशी ही बाई कुठून घेरणार, याचा अंदाज बांधत होते.

गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलं आणि नोएडाला जायला लागले. नेहरू प्लेसवरून कालिंदी कुंज, तिथून यमुनेचा बांध ओलांडून पलीकडे. पहिल्या आठवड्यात बांधाकडच्या चढावर ट्रकांच्या रांगेत अडकले. मागे ट्रक, पुढे ट्रक, बाजूला उसाची ट्रॉली. मागचा ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. गाडी मागे घसरली तर मी त्याच्या चाकाखाली. ब्रेक धरून ठेवला, क्लच हळूहळू सोडला, गाडी कुरकुरली आणि पुढे सरकली. रांग सुटेपर्यंत असं कितीतरी वेळा केलं. पलीकडे उतरल्यावर मी कडेला थांबले, हेल्मेटची काच वर केली आणि मोठ्यानं हसले. इतका आनंद मला पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नव्हता.

हेल्मेटच्या आत मी बाई आहे हे कुणाला कळत नसे. लोक मला सडपातळ मुलगा समजत आणि शिव्या देत. त्या शिव्या ऐकून मला बरं वाटायचं. बसमधल्या गोड बोलण्यापेक्षा त्या परवडल्या.

वडिलांना फोन केला. "वाहनाची सोय झाली."

"कुणाचं वाहन?"

"घरमालकिणीचं."

"ती का देते?"

 म्हणजे मला हा संशय एकट्या आईकडून मिळालेला नव्हता.

"दुसऱ्याच्या गाडीवर किती दिवस?" ते म्हणाले. "स्वतःची असं म्हटलं होतं मी."

दिवाळीच्या आधीचा शनिवार होता. ऑफिसला सुट्टी होती. अम्मानं मला सकाळीच खाली बोलावलं. गोठ्यात नेलं, दार लावून घेतलं. मी म्हटलं, आला, हिशोबाचा दिवस आला.

"फरीदाबाद देखा सै?" तिनं विचारलं.

मग तिनं सगळं सांगितलं. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, माझ्याकडे न बघता. गाडी तिच्या सुनेची होती. म्हणजे सुनेच्या वडिलांनी हुंड्यात दिलेली. त्या भागात हुंड्यात मोटरसायकल देणं म्हणजे लग्नात वरण-भात असण्याइतकं ठरलेलं. मुलाला चारचाकी हवी होती, म्हणून तो हिच्यावर कधी बसलाच नाही. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मुलगी माहेरी परत गेली. मुलगा तिला मारायचा. पंचांनी बसून ठरवलं, भांडी, पलंग, कपाट परत गेलं. पण मोटरसायकल मुलगा देईना. कागदपत्रं अजून सासऱ्याच्या नावावर, त्यामुळे विकताही येईना. तर म्हणे सडू दे. चालवणार नाही आणि परतही देणार नाही. आता त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं, त्यात मारुती मिळणार होती. उद्या रविवारी तो येणार आणि ही गाडी सुटे भाग करून विकायला घेऊन जाणार, असं त्यानं आईला सांगितलं होतं.

"मेरा कोई आदमी उस गाम में जावे तो लाठी चाले," ती म्हणाली. "तू किसी की ना सै याड़े. तू दे आ."

मी इथल्या कुणाचीच नव्हते, म्हणून मी. म्हणजे एवढ्यासाठी. हळद, मटार, "और चला," सगळं एवढ्यासाठी. गाडी फरीदाबादला पोचवायला तिला एक ड्रायव्हर हवा होता आणि तो तिनं दोन महिने खपून तयार केला होता. मला खूप राग आला. माझी दिवाळी, माझी नोकरी, वडिलांची अट, सगळं त्या गाडीवर उभं होतं, आणि ती मीच नेऊन द्यायची!

"आपके बेटे को आप क्यों नहीं बोलतीं?" मी विचारलं.

तिचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला. मग म्हणाली, "वो छोरी मेरे सामणे पिटी. मैं याड़े बैठी दूध काढ रही थी. मैं उठी ना."

मी हेल्मेट घातलं.

बदरपूर ओलांडून फरीदाबादला जायला ट्रकांच्या धुरात दीड-दोन तास गेले. पत्ता कारखान्यांच्या मागच्या एका वस्तीतला होता. सगळ्या रस्ताभर मी म्हातारीच्या गोष्टीत भोकं शोधत होते. तिथं पोलीस उभे असतील, मला चोर म्हणून धरतील, असंही वाटलं. घरासमोर गाडी थांबवली. दारात एक बनियन घातलेला, पन्नाशीचा माणूस दाढी करत होता. त्यानं गाडी बघितली आणि हातातला वस्तरा तसाच राहिला. मी हेल्मेट काढलं, तेव्हा तर तो दोन पावलं मागे सरला.

"किसने भेजा?"

मी सांगितलं. त्याचा विश्वास बसला नाही. मला मनातून थोडं समाधान वाटलं, की आपल्यासारखा दुसरा भेटला. त्यानं मला तीनदा उलटसुलट विचारलं. मी त्यांची कोण लागते? परत केली असं लिहून घ्यायला आले आहे का? पंचांना काय सांगणार? मग तो गाडीभोवती फिरला, वाकून मीटर बघितला आणि एकदम चढ्या आवाजात म्हणाला, "ये तो चली हुई है!"

"मैंने चलाई," मी म्हणाले. मला त्यात अभिमान वाटत होता, तो आवाजात आला असणार.

"नई दी थी मैंने! छोटी की शादी फागुन में है, उसमें देनी थी. अब ये कौन लेगा? शीशा भी टूटा है."

मला याचा अर्थ लागायला वेळ लागला. एका मुलीबरोबर गेलेली गाडी परत आली, तर ती धाकटीबरोबर पाठवायची. दारात पाण्याचा पेला घेऊन एक मुलगी उभी होती. माझ्याच वयाची, भुवईवर जुन्या टाक्यांची खूण. ती बापाकडे बघत नव्हती, मीटरकडे बघत होती. मला पेला देताना ती अगदी हळू म्हणाली, "अच्छा किया दीदी. और चलानी थी."

मला अम्माचा अंगठा आठवला, टायरवर घासणारा.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हणाले, "मी घेते ही गाडी. जुन्या गाडीच्या भावानं. थोडे आज, बाकीचे महिन्याच्या महिन्याला." हे अर्थात मोडक्या हिंदीत. तो संशयानं बघत राहिला. मग मी पुढची अट सांगितली, "पण पैसे हिच्या हातात देणार. तुमच्या नाही. दर महिन्याला येईन, ही समोर आली तरच देईन."

तो भडकला. माझ्या मुलीचे पैसे मी खाईन का, असं विचारलं. मी म्हणाले, मला माहीत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. एरवी कुणी माझ्या संशयी स्वभावाचं कौतुक केलं नाही, पण त्या दिवशी तो मला कामाला आला. बाप घालूनपाडून बोलत राहिला, मी गाडीला टेकून उभी राहिले. शेवटी मुलगीच बोलली. "बापू, छोटी के घरवाले पुरानी लेंगे नहीं. मुझे मंज़ूर है." ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली असावी, कारण तो तिच्याकडे वळून बघतच राहिला. मग आत जाऊन त्यानं कागदपत्रं आणली. सुटे ठेवून पर्समधले बाकीचे पैसे मी मुलीच्या हातात मोजले.

परत येताना बदरपूरच्या बूथवर थांबून पुण्याला फोन लावला. "गाडी घेतली. स्वतःची," मी म्हणाले. वडिलांनी गाडीचा नंबर विचारून लिहून घेतला. मग म्हणाले, "हेल्मेट घालत जा." मी फोन ठेवला आणि आनंदानं बूथवाल्याला सुटे पैसे तसेच सोडले.

मुनिरक्यात मागच्या दारानं शिरले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडीचा आवाज ऐकून अम्मा धावत आली आणि गाडी बघून तिचा चेहरा पडला. "ना ली उन्होंने?"

मी सांगितलं. सगळं, क्रमानं. बाप काय म्हणाला, तेही सांगितलं. गाडी चाललेली निघाली, आता धाकटीच्या लग्नात देता येणार नाही. अम्मानं ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. ती हसली की काय, असा मला संशय आला. पण क्षणात ती नेहमीसारखी झाली.

"सामान बाँध," ती म्हणाली. "तड़के वो आवेगा. तू भी याड़े ना दिखणी चाहिए, यो भी."

ते मला कळत होतंच. ऑफिसमधल्या एका मराठी मैत्रिणीचं घर मयूर विहारला होतं. तिची आई मला कधीपासून पेइंग गेस्ट म्हणून ये म्हणत होती, आणि तिच्या त्या आग्रहाचाही मला संशय होता. आता तिकडेच जायचं ठरवलं. माझं सामान ते केवढं! एक मोठी बॅग, ती पुढे टाकीवर बसली. गादी आणि स्टोव्ह मी अम्माकडेच ठेवले.

मी मागच्या दाराकडे गाडी वळवली तर अम्मा म्हणाली, "उरै तै ना. सामणे तै चाल." आणि घागरा सावरून माझ्या मागे चढून बसली, एका बाजूला पाय सोडून.

पुढची गल्ली गावाच्या मधोमध जायची. तिथं चौपाल होतं, आपल्याकडच्या पारासारखं. संध्याकाळी गावातले सगळे म्हातारे तिथं खाटा टाकून हुक्का ओढत बसत, त्यात तिच्या मुलाचे चुलते होते, पंच होते.  म्हातारी मला त्यांच्या हवाली करणार. भाडेकरणीनं गाडी पळवली, मी पकडून आणली, असं सांगणार आणि स्वतः उद्या मुलापुढे साळसूद उभी राहणार. दोन महिने मी वाट बघत होते तो हिशोब हाच. मी गाडी भरधाव काढायचा विचारही केला. पण मागे एक साठीची बाई बसलेली, तिचा हात माझ्या खांद्यावर. वेग वाढवला तर ती पडली असती.

"रोक," चौपालसमोर ती म्हणाली.

मी थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. हुक्क्याची गुडगुड बंद झाली. सगळे आमच्याकडे बघायला लागले. अम्मा, गावची सून, मोटरसायकलवर, एका परक्या मुलीच्या मागे. चौपालासमोरून जाताना बायका ओढणी हनुवटीपर्यंत ओढतात. अम्मा खाली उतरली आणि तशीच उघड्या तोंडानं उभी राहिली.

"सुण लो सारे," ती म्हणाली. आवाज चढा नव्हता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. "बहू की फटफटी मन्ने उल्टी भेजी सै. इस छोरी ने ना, मन्ने. इब यो इसकी सै, मोल दे के ल्याई सै. तड़के जिसने पूछणा हो, मेरे तै पूछियो."

म्हणजे गाडी परत पाठवल्याचा सगळा बोल तिनं स्वतःवर घेतला होता. एक चुलता खाटेवरून उठला आणि पुन्हा बसला.

मग ती माझ्याकडे वळली. बॅगेचा पट्टा सैल झाला होता, तो तिनं आवळून बांधला. "जा," म्हणाली. आणि ज्या घरात उद्या सकाळी तिचा मुलगा येणार होता, त्या घराकडे पायी चालायला लागली. मी तिला हाक मारणार होते, पण काय म्हणून मारू ते सुचलं नाही. मी गिअर टाकला. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मला समोरचं धड दिसत नव्हतं, इतकी मी रडत होते.